चंद्रावरच्या लेव्हलमधला निळा दरवाजा

दोस्तहो, आज डोकं सरकलं आहे माझं.

लहानपणी आंधळगावच्या सायबर कॅफेत मी अन् प्रशांत एकाच कॉम्प्युटरवर अंतराळातल्या गोळीबाराचा गेम खेळायचो. कीबोर्ड माझा, माऊस त्याचा. चंद्रावरच्या लेव्हलमधला निळा दरवाजा काही उघडत नव्हता. प्रशांत सांगे, "तू शेतात धानाच्या रोवण्यावर गेला होता ना, तवा उघडला. आत यान आहे." म्हणून मी रोज जायचो.

आज गेम बनवणाऱ्याची मुलाखत पाहिली. दरवाजामागं काहीच नव्हतं. वेळ पुरला नाही, म्हणून भिंतीवर दरवाजाचं नुसतं चित्र चिकटवलं होतं.

प्रशांतले फोन लावला. "खोटं काहून बोलला बे?"

"खरं सांगितलं असतं, तं तू आला असता का रोज?"

मी फोन कापला. आता त्याचा परत येऊन राहिला आहे. तुम्ही उचलला असता का?