वहिनींचे तिखट कान

आमच्या चौघांच्या बँडचे तीन अल्बम निघाले. त्यातले दोन ज्यांनी रेकॉर्ड केले, त्या वहिनींना गिटारची एक तारही छेडता येत नाही. आमच्या गायकाच्या थोरल्या भावाची ही बायको. नोकरी कानाच्या दवाखान्यात. माणसाला काचेच्या बंद खोलीत बसवायचं, हेडफोन चढवायचे आणि बारीकबारीक आवाज सोडून कुठला ऐकू येतो, कुठला नाही, ते टिपायचं. वीस वर्षं हेच काम. त्यामुळे कान असे तिखट, की स्वयंपाकघरात भांडी घासताना बाहेर बसलेल्या दिराला ओरडून सांगायच्या, "भाऊजी, तिसरी तार उतरलीय!"

पहिल्या अल्बमच्या वेळी आम्हाला कुठलाच स्टुडिओ दारात उभं करत नव्हता. वहिनी सहज म्हणाल्या, "आमची काचेची खोली रविवारी रिकामीच असते. बाहेर ट्रक उलटला तरी आत पत्ता लागत नाही."

खोलीत एकच जण मावायचा. मग एकेकाने आत जाऊन आपापलं वाजवायचं आणि ड्रमवाल्याने बाहेर, पेशंटच्या बाकांमध्ये ठाण मांडायचं. वहिनी रेकॉर्डरसमोर, चष्मा कपाळावर. मी बेस वाजवायचो, आणि त्यांच्या कपाळावरची आठी दिसली की न सांगताच पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो.

तिसऱ्या रविवारी अचानक डॉक्टर आले. फाइल विसरले होते. ड्रमवाल्याच्या काठ्या हवेतच राहिल्या.

"हे काय चाललंय?"

"तपासणी," वहिनी म्हणाल्या.

"कोणाची?"

"यांची. सुरात आहेत का बघतेय."

डॉक्टर फाइल काखोटीला मारून दोन गाणी उभ्यानेच ऐकत राहिले. जाताना एवढंच म्हणाले, "सोमवारी बाकं जागेवर हवीत."

कव्हरवर आम्ही छापलं, 'ध्वनिमुद्रण : वहिनी'. "अरे, मला नाव आहे की नाही? जगाची वहिनी करून ठेवलीत!" असं म्हणत त्यांनी तो अल्बम अख्ख्या दवाखान्याला दाखवला.

तो लोकांना आवडला. मग एका कंपनीने आम्हाला मोठा स्टुडिओ दिला. तिथे वहिनींना कोणी बोलावलं नाही. मीही नाही, हे कबूल केलेलं बरं. दुसरा अल्बम घेऊन आम्ही घरी गेलो. वहिनींनी तो डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकला.

"चकाचक झालंय," त्या म्हणाल्या. "पण यात तुम्ही चौघं एकमेकांचं ऐकत नाही आहात."

दीर भडकला. "वहिनी, तुम्ही बहिऱ्यांच्या तपासण्या करा. गाण्यातलं तुम्हाला काय कळतं?"

वहिनी कपबश्या उचलून आत गेल्या.

अल्बम सपशेल आपटला. आणि खोटं कशाला बोलू, गायक आणि ड्रमवाला तो करताना एकमेकांचं तोंडही बघत नव्हते.

दोन महिने दीर-भावजयीत अबोला. मग एके सकाळी गायक दवाखान्यात गेला आणि नंबर घेऊन पेशंटच्या रांगेत बसला. पाळी आली तेव्हा वहिनींनी कुठल्याही पेशंटला विचारावं तसं विचारलं, "काय त्रास होतो?"

"चांगलं सांगितलेलं ऐकू येत नाही."

वहिनी हसल्या नाहीत. त्याला खरंच आत बसवून त्यांनी कान तपासले. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "डाव्या कानाला बारीक आवाज कमी येतायत. ड्रमला चिकटून उभे राहता ना? जागा बदला. आणि पुढचा अल्बम चौघांनी एकाच खोलीत, एकदम वाजवायचा."

त्यासाठी वहिनी रजा काढून गावभर खोल्या बघत हिंडल्या. आत शिरायचं, एक टाळी वाजवायची, कान द्यायचा, नकारार्थी मान हलवायची. शेवटी सुट्टीत बंद असलेली एका शाळेची सुतारकामाची खोली पसंत पडली. चहूकडे फळ्यांच्या थप्प्या, पायाखाली भुसा, त्यामुळे आवाज घुमत नव्हता. चार दिवसांत नऊ गाणी झाली.

शेवटच्या गाण्याला गायक हटून बसला. सहा वेळा गाऊन झालं तरी त्याला सातव्यांदा हवं होतं.

"बास," वहिनी म्हणाल्या. "चौथ्यांदा गायलात ते ठेवा."

"त्यात मी शब्द चुकलो!"

"चुकलात आणि हसलात. ड्रमवालाही हसला. ते हसू आता मागून मिळायचं नाही."

तेच ठेवलं. आजही कार्यक्रमात लोक ओरडून तेच गाणं मागतात. वहिनींना मात्र त्यात बेस किंचित मोठा झालाय असं वाटतं, आणि तोंडावर तसं सांगतातही. मी वाद घालत नाही.