कोरडा पाइप

आधीच सांगतो, राखणदार, चकवा, भुतंखेतं यांतल्या कशावरच माझा विश्वास नव्हता. कणकवलीत वाढलो, तरीही नाही. हे लिहितोय ते कुणाला घाबरवायला नाही... लाज वाटते म्हणून.

मी पुण्यात हवामानबदलावर पीएच.डी. करतो. खाडीकाठच्या जमिनीत लांब पाइप ठोकायचा आणि आतला चिखल जसाच्या तसा वर काढायचा. त्याचे थर वाचले की पूर्वी समुद्र कुठवर आत आला होता ते कळतं, पुढचाही अंदाज बांधता येतो.

मालवणजवळ खाडीला लागून भिकूकाकांचं भातशेत आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी परवानगी दिली ती एका अटीवर. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं.

"माका बांधापर्यंत चलूक जमणा नाय. ह्यो नारळ राखणदाराकडे ठेव आणि माझ्या नावान गाऱ्हाणा घाल. सांग, जमीन टोचतव, राग मानू नको. आणि झिला, माका एकच सांग — हय खारा पाणी येतला काय? बांध घालूचो की शेत सोडूचा, ता ठरवूक व्हया."

शेत राखणाऱ्या त्या राखणदाराची घुमटी, म्हणजे इवलंसं देऊळ, बांधाच्या पार टोकाला. ओहोटी संपत आलेली, भरती चढली की काम बंद. मी आणि माझा मित्र निखिल, दोघांनी तो नारळ फोडला आणि गुळाबरोबर खाल्ला! काकांना येऊन सांगितलं, "घातलंय गाऱ्हाणा."

पाइप तीन मीटर आत गेला. चेन लावून वर ओढला, तर रिकामा. मऊ चिखल कधीकधी निसटतो, त्यात नवल नाही. पण हा आतून कोरडा होता. फुंकर मारली तर धूळ उडाली... आणि आम्ही उभे होतो गुडघाभर चिखलात! जागा बदलली — कोरडा. तिसऱ्यांदा — कोरडा. निखिल हसायचा थांबला. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, आमचा पाइप रिकामा. शेवटी बांधाबाहेर खाडीत ठोकला, तर पहिल्याच खेपेला काळाभोर चिखल भरून आला. पण तो खाडीचा, काकांच्या शेताचा नव्हे.

तेव्हा तरी खरं बोलायला हवं होतं. काका घरासमोरच्या खळ्यात खुर्ची टाकून वाट बघत होते.

"काय गावला रे?"

"गावला, काका. पुण्याक नेऊन तपासतंय."

त्यांनी आम्हाला सोलकढी पाजली. ती पिऊन आम्ही निघालो. गाइडना मात्र मी खरं कळवलं, शेतातला नमुना मिळाला नाही. खोटं फक्त काकांसाठी ठेवलं. परत जायचा धीर काही झाला नाही.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. "नातू विचारता, बांध घालूचो काय? मी सांगलंय, तपासणी चालू आसा. सावकाश सांग, झिला. पण खरा ता सांग."

पाइप तीनदा कोरडा का आला, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. निखिल तर तो विषयच काढू देत नाही. पण नमुना मिळालाच नाही, एवढं काकांना सांगायला कुठलं शास्त्र लागत होतं?

मी म्हणालो, "रिपोर्ट येवचो आसा, काका."