बिल्ला पाडलेली जनावरं

गाईच्या कानात बिल्ला मारण्याआधी भागवतनाना तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटायचे. कोल्हारजवळच्या एका गावी जनावरांच्या दवाखान्यात मी नवा डॉक्टर होतो आणि ते जुने ड्रेसर, मलमपट्टीपासून जनावर धरण्यापर्यंत सगळं करणारे. मंत्र म्हणता का, असं एकदा विचारलंच. "कसला मंत्र सायेब! माफी मागतो. दुखनार तिला, आन् खूण आपली."

बिल्ल्यावर त्यांची भारी श्रद्धा. कुणा शेतकऱ्याने कुरकुर केली की ऐकवायचे, "अरं, खूण हाय तर जनावर घावतं. न्हाई तर बाजारात सगळ्या गाई काळ्या-पांढऱ्याच." वळू अंगावर आला तरी ते जागचे हलत नसत. वर मलाच विचारत, "सायेब, तुमी कुंपनावर कवा चढला?"

मग त्यांची कंबर धरली. गाईनं लाथ मारली असंल, असं ते म्हणाले आणि मीही मानलं. कपाटातून जनावरांचं दुखणं थांबवायचं इंजेक्शन काढून ते माझ्यापुढे उभे राहत. "बैलाला उतार पडतो, मला न्हाई पडनार व्हय?" सुई मीच टोचायचो. वर्षभर टोचली. लघवीला सारखं उठावं लागतं, हेही त्यांनी सांगितलं होतं. मी म्हटलं, वय झालं नाना, आणि आम्ही दोघंही हसलो. दोघांत शिकलेला मी होतो.

प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला तेव्हा तो हाडांत उतरला होता. आधीची औषधं लागू पडेनात, तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी नवा उपचार सांगितला. कॅन्सरच्या या पेशींच्या अंगावर एक प्रथिन असतं. औषध नेमकं त्यालाच चिकटतं आणि सोबत नेलेल्या किरणांनी पेशी मारतं. नाना सरसावून बसले. "म्हंजे बिल्ला बघून धरायचं! हे बेस हाय." दोन डोस चांगले गेले. नाना काठीशिवाय दवाखान्यात येऊन गाईंच्या पाठीवर हात फिरवून गेले. मला वाटलं, सुटलो.

तिसऱ्या डोसच्या आधी यकृतात गाठी दिसल्या. डॉक्टर म्हणाले, या गाठींतल्या पेशींवर ते प्रथिनच उरलेलं नाही, औषध त्यांना ओळखणार नाही. नाना म्हणाले, "बिल्ला पाडलेली जनावरं हायेत ही. आता कुनाला घावत्यात?"

परतताना गाडी मी चालवत होतो, नाना शेजारी बसले होते. ते म्हणाले, "सायेब, खरं सांगा. कंबर धरली तवाच पुन्याला आलो असतो तर?"

मी रस्त्यावरची नजर काढली नाही. "नाही नाना. काही फरक पडला नसता."

"मंग बरं," ते म्हणाले. "उगं जिवाला लागून ऱ्हायलं हुतं."

महिन्याभरात नाना गेले. दहाव्यानंतर घरी गेलो आणि त्यांच्या बायकोसमोर, सुमनकाकूंसमोर, मला रडू आवरेना. त्यांनीच माझ्या पाठीवर हात ठेवला. "रडू नगा सायेब. तुमीच सांगितलं हुतं ना त्यांला, काय बी फरक पडला नसता म्हनून? त्येवढ्यावर सुखानं गेले बघा."

मी मान हलवली आणि त्यांनी पुढे केलेला चहा घेतला.