दोन पाळ्यांचं विद्यापीठ

आमच्या भावोजींना नाही म्हणणारा माणूस भिवंडीत अजून जन्माला यायचाय. बाहेरगावाहून तसे एकदोघे आले होते, पण तेही हो म्हणूनच परत गेले. माझ्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, लग्नाला होकार दिला तोही याच कारणाने, असं ती अजून पाहुण्यांसमोर सांगते आणि भावोजी कौतुकाने मान डोलावतात. त्यांनी पालिकेच्या शाळेतले काही वर्ग संध्याकाळपुरते मागून घेतले आणि लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणाऱ्यांसाठी कॉलेज काढलं, तेव्हा सगळ्या गोतावळ्याने त्यांना वेड्यात काढलं. बाकं होती पहिली-दुसरीच्या पोरांची. त्यांवर बसलेल्या बाप्यांचे गुडघे हनुवटीला टेकायचे आणि वही ठेवायची कुठे, हा प्रश्न अर्थशास्त्राहून अवघड होऊन बसायचा. भावोजी मात्र पहिल्या दिवसापासून त्याला ‘आपलं विद्यापीठ’ म्हणत. चारही बाजूंनी कारखान्यांचा खडखडाट, त्यावर आवाज चढवून शिकवायचं. त्यामुळे ते घरी जेवताना मीठ मागायचे तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकू वाटी घेऊन वर यायच्या.

त्यांची दुसरी खोड म्हणजे सगळं दोनदा सांगणं. त्यात दोष त्यांचा नव्हता, लूमचा होता. दर आठवड्याला दिवसपाळीवाले रातपाळीला जाणार आणि रातपाळीवाले दिवसाला येणार. दिवसपाळी सुटली की आमचा वर्ग भरायचा, त्यामुळे या आठवड्यात निम्मे विद्यार्थी तर पुढच्या आठवड्यात उरलेले निम्मे. भावोजींनी तोडगा काढला, की प्रत्येक धडा दोनदा शिकवायचा. तोच धडा, तीच उदाहरणं, त्याच वाक्यावर तोच विनोद. पुढे ही सवय घरात शिरली. भरली वांगी फक्कड झाल्याचं ते आज सांगत आणि पुढच्या सोमवारी पुन्हा सांगत.

“अहो, सांगितलंत की मागे,” ताई म्हणायची.

“ते दिवसपाळीला,” भावोजी म्हणायचे.

कॉलेज वाढत गेलं. कॉमर्सच्या मागोमाग सायन्स आलं, मग नर्सिंग, मग संगणक. जवळच्या वडपे गावातल्या एका जुन्या विद्यार्थ्याने जमीन मागणाऱ्या गोदामवाल्यांना परतवून आपली जमीन कॉलेजला दिली. “गोदामवालं रोज दारात हायेत सर,” तो म्हणाला, “पन सही करताना माझा हात थरथरत न्हाय तो तुमच्यामुलं.” तिथे मोठी इमारत उभी राहिली, दिवसाचं कॉलेज जोरात चालू झालं, आणि शेवटी विद्यापीठाचा दर्जा द्यायचा की नाही हे ठरवायला सरकारी समिती आली. वडप्याची इमारत पाहून सगळे खूश. त्या गुरुवारी संध्याकाळी मात्र भावोजी त्यांना हौसेने पालिकेच्या शाळेतला जुना वर्ग दाखवायला घेऊन गेले. मीही बरोबर होतो. निम्मी बाकं रिकामी.

“हा वर्ग बंद करा,” समितीचे अध्यक्ष म्हणाले. “विद्यापीठाला हे शोभत नाही. एवढं केलंत की आमची शिफारस पक्की.”

भावोजी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले. “मग साहेब, विद्यापीठ राहू द्या.” एवढ्या वर्षांचं स्वप्न हा माणूस पान थुंकल्यासारखं टाकून देत होता. मग ते म्हणाले, “पण उद्या एकदा याल?”

“उद्या शुक्रवार. इथे शुक्रवारी सुट्टी असते ना?”

“लूमना असते. म्हणूनच म्हणतो.”

चहाच्या टपऱ्याटपऱ्यांवर निरोप गेला आणि शुक्रवारी दोन्ही पाळ्या एकदम वर्गात आल्या. अशी गर्दी मी उरसातसुद्धा पाहिली नाही. खिडक्यांत माणसं, व्हरांड्यात माणसं. त्यात एका बाकावर भांडण जुंपलं. एक म्हणत होता, “ए, ऊठ, ही जागा माझी हाय.” दुसरा म्हणत होता, “नहीं भाई, शुरू से मैं यहीं बैठता हूँ!” दोघेही खरं बोलत होते. एकाच बाकावर आठवड्याआड बसणाऱ्या त्या दोघांनी एकमेकांना कधी पाहिलंच नव्हतं.

“अरे, दोघांचीही आहे! सरका!” भावोजी पूर्ववत गरजले. अध्यक्षांना उभं राहायला जागा उरली नव्हती. ते हसत हसत त्याच बाकाच्या कडेला टेकले आणि म्हणाले, “थोडं सरकून मलाही जागा द्या.” वर्ग बंद करायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

विद्यापीठ झालं, तेही संध्याकाळच्या वर्गासकट. आमच्या गल्लीत दिवाळीआधी फटाके वाजले. कुलगुरू व्हायचं भावोजींचं वय उलटलं होतं, पण पदवीदानाला प्रत्येक नावाला त्यांनी इतक्या टाळ्या वाजवल्या, की दुसऱ्या दिवशी ताईला त्यांच्या हातांना तेल चोळावं लागलं. जुना वर्ग आता त्यांचीच एक विद्यार्थिनी घेते. फार छान शिकवते, दोनदा.

परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. एरवी या वेळी भावोजी वर्गावर निघालेले असायचे, त्या दिवशी गॅलरीत बसले होते. कठडाभर ऊन पसरलं होतं.

“अगं, आपल्याकडे संध्याकाळी इतकं छान ऊन येतं?” त्यांनी विचारलं.

“रोजच येतं,” ताई चहा देत म्हणाली. “मी बसते ना इथे.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, त्यामुळे मलाच जास्त भरून आलं. भावोजींनी आत जाऊन आणखी एक खुर्ची आणली, आपल्या खुर्चीला लावून ठेवली आणि ताई बसेपर्यंत स्वतः उभे राहिले.