मामांनी बांधलेला फेटा

रविवारी सकाळी माझ्या मामेभावाच्या लग्नात मामांनी स्वतः त्याला फेटा बांधला. मामांना तीन वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. डॉक्टरांनी समजावलं होतं की मेंदूतल्या प्रथिनांच्या साखळ्या नीट दुमडल्या तरच काम करतात. घडी चुकली की त्या एकमेकींना चिकटतात, गुठळ्या होतात आणि मज्जापेशी हळूहळू मरतात. डोळ्यांना कधी न दिसणाऱ्या त्या घडीवर माणसाची सगळी ओळखदेख उभी असते.

मामांच्या बोटांतून मात्र आठ मीटर कापड एकही घडी न चुकता फिरलं. शेवटचं टोक हातात धरून ते थांबले.

"कुणाचा रे तू?"

"तुमचाच, बाबा."

"मग हलू नकोस," म्हणत त्यांनी टोक खोचलं.