भाचीची सोयरीक आणि फुटलेलं धरण

मी आजवर जमवलेल्या सोयरिकींपेक्षा मोडलेल्या सोयरिकी जास्त आहेत, आणि पाहुण्यारावळ्यांत माझा मान त्यामुळेच आहे.

आमच्याकडे मुलगी द्यायची म्हणजे आधी चौकशी. मुलाची शेती, नोकरी, घरदार हे तर मध्यस्थ सांगतोच. तो जे सांगत नाही ते खणून काढायचं काम खानदानात माझ्याकडे आहे. मुलाच्या गावी जायचं, स्टँडवरच्या कटिंगच्या दुकानात बसून दाढी करून घ्यायची (सकाळीच केलेली असली तरी), पानटपरीवर उगाच रेंगाळायचं, आणि गावात आपला कुणी असेल तर त्याला फोनवर धरायचं. अशा रीतीने मी एकाची दारू, एकाची पहिली बायको आणि एकाचा विग उघडकीला आणला आहे. विगवाल्याचं नंतर दुसरीकडे जमलं, तो अजून मला नमस्कार करत नाही.

तर माझी भाची शीतल. सेनगावच्या सुमनताईची. हिंगोलीत फार्मसी शिकली, आता सेनगावातच मेडिकलवर बसते. तिला बघायला मुलं यायची, रीतीप्रमाणे दोघांना बोलायला मागच्या अंगणात पाठवायचे, आणि इकडे चहावर साय धरायच्या आत ही परत यायची.

"काय झालं गं?" ताई विचारायची.

"त्यानं प्लॉट कितीचा हाय ते सांगितलं."

"मग?"

"मग कुठल्या रोडला हाय ते सांगितलं."

असं बरेचदा झाल्यावर शीतलने आईला शांतपणे सांगितलं की आता हे शेवटचं. डोंगरकड्याचा मुलगा येतोय तो येऊ द्या, पण याच्यानंतर मी पोह्याच्या बश्या घेऊन बाहेर येणार न्हाई. शीतलचा शब्द म्हणजे शब्द. ताईने त्या दिवसापासून देवाला काय काय कबूल केलं ते तिचं तिला माहीत.

मुलगा अमोल. कळमनुरीकडे सोलर पंप बसवायचं काम करतो, डोंगरकड्याला घर, केळीची बाग, आईबापाला एकुलता एक. त्याची चौकशी मी स्वतः जाऊन केली होती. दाढी केली, पान खाल्लं, पुन्हा दाढी केली. काहीच निघालं नाही. व्यसन नाही, भांडण नाही, केससुद्धा स्वतःचे. एवढा चांगला मुलगा असतो कुठं? मला रात्रभर झोप लागली नाही.

रविवारी ते लोक आले. अमोल, त्याचे वडील भाऊराव आणि त्याची आत्या, सुलोचनाबाई. अमोलच्या आईला ताप होता म्हणून आत्याबाई तिच्या जागी आल्या होत्या. त्यांनी आमच्या ताईचं घर पंख्यापासून पायपुसण्यापर्यंत बघून घेतलं. मी मनात म्हटलं, ही बाई आपल्या धंद्यातली दिसते.

पोहे झाले. शीतल आणि अमोल मागच्या अंगणात हौदापाशी बोलायला गेले. चहा झाला. पावसाचा विषय झाला, सोयाबीनचा झाला, सेनगाव ते हिंगोली रस्त्याचा झाला. (हा विषय कुठल्याही बैठकीला पुरतो.) तरी ती दोघं येईनात. ताईचा चेहरा एकदा फुलायचा, एकदा उतरायचा. भाऊराव छताकडे बघत होते. शेवटी दाजींनी, म्हणजे शीतलच्या वडिलांनी, मला डोळ्याने खुणावलं. मी पोट धरलं, "जरा जाऊन येतो" म्हटलं आणि न्हाणीत शिरलो. न्हाणीची खिडकी बराबर हौदावर उघडते.

अमोल बोलत होता.

"थोरला भाऊ हाय तो. लय जीव लावतो मी त्याला. पण धरण त्यानंच फोडलं ना. एका रातीत. गाव गेलं, बाप गेला वाहून."

माझा हात बादलीवरच राहिला.

"आन् आईला?" शीतलचा आवाज.

"आईला अजून खरं माहीत न्हाई. तिला वाटते पुरानंच गेलं सगळं. उरलेलं गाव म्हणते, त्या थोरल्याला दिसल तिथं मारा. मला न्हाई पटत. तो असा काहून वागला ते मला कळते. मी तर ते झालं तवा दोन दिवस नीट जेवलो न्हाई."

"बापरे," शीतल म्हणाली. "मग पुढं?... नका, नका सांगू पुढचं."

मला पुढचं ऐकायची गरजच नव्हती. एकुलता एक म्हणून सांगितलेल्या पोराला थोरला भाऊ निघाला, तोही फरार! शिवाय बाप वाहून गेलेला. मग बाहेर आपल्या शीतलच्या हातचे पोहे खाऊन राहिले ते भाऊराव कोण? इतकी वर्षं मी विग आणि दारूच्या बाटल्या शोधत फिरलो, आणि इथं अख्खं गाव बुडवलेलं माझ्या हातून सुटलं होतं. खरं सांगतो, भीतीपेक्षा मला अपमान जास्त वाटला.

न्हाणीतून निघालो तर दारात सुलोचनाबाई. "हात धुते जरा," म्हणाल्या आणि आत गेल्या. मी बाजूला झालो आणि फोन घेऊन गल्लीत आलो.

पहिला फोन डोंगरकड्याला, माझा मेहुणा गजू याला. गजूचा स्वभाव तुम्हाला सांगितला पाहिजे. "मला माहीत नाही" हे वाक्य त्याने जन्मात उच्चारलेलं नाही. दुसऱ्याच्या घरातलं आपल्याला माहीत नसणं ही त्याला नामुष्की वाटते.

"गजू, हळू बोल. भाऊरावाला थोरला पोरगा होता का?"

गजू म्हणाला, "होता म्हंजे... लोकं बोलतेत."

"त्यानं काही पाण्याची भानगड केल्ती का?"

"पाण्याचीच. लय मोठी झाल्ती."

"धरण फोडलं म्हणतेत."

"आता धरण म्हणा, कॅनॉल म्हणा. तुमाला कुणी सांगितलं पण? इथं त्यावर कुणी बोलत न्हाई."

(भाऊरावांचं शेजाऱ्याशी पाण्याच्या मोटारीच्या पाइपावरून वाजलं होतं. गजूच्या डोक्यात ते होतं. हे मला फार उशिरा कळलं.)

चौकशीचा नियम असा की एका तोंडावर विश्वास ठेवायचा नाही. म्हणून दुसरा फोन सिद्धेश्वर धरणाजवळच्या आतेभाऊ दामूला. धरणाचं त्याला नाही माहीत तर कुणाला?

"दामू, धरण फुटलं होतं का रे?"

"दादा, मी धरणावरच बसून मासे धरून राहिलो. कुठं फुटलंय?"

"आत्ता न्हाई रे. मागं. एक आख्खं गाव गेलं म्हणतेत."

दामू म्हणाला, "असल बुवा. दाबलं असल सरकारनं."

झालं, दोन साक्षीदार! मी दाजींना बाहेर बोलावून सगळं सांगितलं. दाजी गरीब माणूस. त्यांनीही पहिला प्रश्न तोच विचारला.

"मग आत बसलेत ते कोण?"

"चुलता असंल. न्हाईतर भाड्यानं आणलेला."

"जाऊ द्या हो," दाजी म्हणाले. "आपण काहीतरी कारण सांगून न्हाई म्हणू. पोरगी मातर आता पुन्हा दाखवायला बसायची न्हाई. तिच्या आईला काय सांगू मी?"

मला दाजींचं वाईट वाटलं, म्हणून मी ठरवलं की नकार ठोक कारणासकट गेला पाहिजे. आम्ही आत आलो. बघतो तर सुलोचनाबाईंनी स्वतःची पोह्याची बशी खाटेखाली सरकवली होती आणि भाऊरावांच्या हातातली ओढत होत्या. भाऊराव दुसऱ्यांदा घेतलेले पोहे सोडायला तयार नव्हते. चोराच्या मनात चांदणं, मी म्हटलं.

"पाहुणे, राग मानू नका," मी सुरुवात केली. "थोरला सध्या कुठं असतो?"

"थोरला मीच," भाऊराव म्हणाले. "मला धाकटे दोघं हायत."

"तुमचा न्हाई. अमोलचा थोरला भाऊ. धरण फोडून गेलेला."

भाऊरावांचा घास तोंडातच राहिला. आणि तेवढ्यात सुलोचनाबाई उठून उभ्या राहिल्या.

"दादा, मी कवापासून चिमटे घ्यायलेय तुला, ठेव ती बशी! हे आपल्यालाच बोलायलेत, आन् यांची पोरगी काय करते ते विचार. दारात आलेल्या पाहुण्याला जेवू घालती आन् पाहुणा सकाळी उठत न्हाई! सोताच्या कानानं ऐकलं मी. म्हणे हात असा साफ, की कुणाला चवसुद्धा लागत न्हाई. म्हणे मी घरी पण करून बघितलं!"

ताई नेमकी चहाचा दुसरा ट्रे घेऊन आली होती. ती दारातच थांबली. मेडिकलवर काम करणारी पोरगी, म्हणजे औषधं हाताशी. हे माझ्याही डोक्यात आलं, मी काय खोटं बोलू? क्षणभर मी स्वतःच्या भाचीबद्दल दोन फोन लावायच्या बेतात होतो.

मग जो गलका झाला तो शेजारच्या तीन घरांना ऐकू गेला. मी म्हणतोय आधी भाऊ दाखवा, आत्याबाई म्हणताहेत आधी पोह्यात काय घातलं ते सांगा, दाजी भाऊरावांना अगदी अदबीने विचारताहेत की तुम्ही नक्की कोण. भाऊरावांनी खिशातून आधार कार्ड काढलं. आणि या सगळ्यात शीतल आणि अमोल मागच्या दारातून आत आले. दोघांचेही डोळे लाल.

"शीतल," ताई कशीबशी म्हणाली, "तू कुणाला मारलंस का गं?"

शीतलने आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आत्याबाईंकडे बघितलं. आणि ती खाली बसून जी हसायला लागली ती थांबेना. अमोलनेच मग सांगितलं. शीतल मोबाइलवर एक जपानी मालिका बघते, हिंदीतून. त्यात राजवाड्यात एक स्वयंपाकीण असते, ती जुलमी सरदारांना जेवणातून संपवते. शीतलने घरी करून बघितली ती त्या मालिकेतली भाताची खीर. अमोलने ती मालिका बघितलेली नाही. अमोलकडे जपानी चित्रकथांची पुस्तकं आहेत, त्यात धरण फोडणारा भाऊ. ती शीतलने वाचलेली नाहीत. म्हणून इतका वेळ दोघं एकमेकांना आपापली गोष्ट सांगत होते आणि डोळे पुसत होते.

"म्हंजे कार्टून," भाऊराव म्हणाले.

"कार्टून न्हाई," दोघं एकदम म्हणाले.

मला तेव्हा जे वाटलं ते सांगतोच. मुलगी बघण्याच्या असंख्य बैठकांना मी बसलो आहे. तिथं माणसं स्वतःचं किती आहे ते सांगतात. हा पोरगा आपल्याला काय आवडतं ते सांगत होता, न बघितलेल्या माणसाला दिसेल असं सांगत होता. मी न्हाणीत बादली धरून उभा, आणि मला पाण्यात गेलेलं गाव डोळ्यांपुढे दिसलं होतं. शीतलचंही तसंच. तिने त्या स्वयंपाकिणीचा हात असा उभा केला की खाऊनपिऊन बसलेल्या आत्याबाईंनी बशी खाटेखाली सारली. आणि ऐकणाऱ्याची तर कमालच, मधे एकदाही कुणी स्वतःचा प्लॉट आणला नाही. लेकरांचा मला फार अभिमान वाटला. आम्हा मोठ्यांना एवढं जमलं असतं तर निम्मी चौकशी लागली नसती.

खोली शांत झाली, पण अवघडलेली. एकमेकांना खुनी म्हणून झाल्यावर लगेच हुंड्यामानपानाचं बोलता येत नाही. भाऊराव पोह्यांकडे बघत होते, दाजी जमिनीकडे. सोयरीक मोडलीच होती, फक्त आधी कोण उठतं एवढंच बाकी होतं.

शेवटी भाऊरावच बोलले. "अमोल, मग त्या थोरल्याचं पुढं काय होते रे?"

"तो शेवटी..."

"नका सांगू," शीतल म्हणाली. हसू थांबलं होतं तिचं. "मला वाचायचंय. पुस्तकं लय हायत म्हणे, आणता येत न्हाईत. डोंगरकड्याला घरीच बसून वाचावी लागतील."

एवढं बोलून ती आत निघून गेली.

अमोलचे कान लाल झाले. मला आधी कळलंच नाही, मी म्हणणार होतो की गजूबरोबर मागवून घेऊ. (ताईने माझ्या पायावर पाय दिला.) सुलोचनाबाईंना मात्र बराबर कळलं. त्यांनी खाली वाकून खाटेखालची बशी काढली, पदराने कड पुसली आणि पोहे खायला लागल्या.

"गार झाले," म्हणाल्या. "पण हाताला चव हाय पोरीच्या."

ताई ट्रे खाली ठेवून रडायला लागली, आणि दाजी तिला "आता काहून रडतेस" म्हणताना स्वतःच रडत होते.

लग्न झालं. शीतलने ती पुस्तकं वाचून संपवली, अमोलने ती मालिका बघून संपवली. आता ते तिसरंच काहीतरी दोघं मिळून बघतात. त्या थोरल्या भावाचं पुढं काय झालं ते मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. विचारलं की शीतल म्हणते, मामा, तुमीच चौकशी करा.

यंदा माझ्याच पोराचं जमवायला काढलं आहे. परवा जिंतूरकडचे पाहुणे येऊन गेले, आणि रीतीप्रमाणे त्यांनी मागून चौकशी केली. ती नेमकी गजूपर्यंत पोचली. गजू म्हणाला, "घर चांगलं हाय, पोरगं निर्व्यसनी हाय. बाप तेवढा पुस्तकातल्या माणसाची खबर काढायला गावोगाव फोन लावते." गजूने आयुष्यात दिलेली ही पहिली खरी माहिती, आणि पाहुण्यांचा अजून निरोप नाही.