फास्ट गाडी कशाला पाहिजे तुला?

आमच्या घरी गाडी यायला सात महिने लागले. किस्से मात्र पहिल्याच रविवारी सुरू झाले आणि मग दर रविवारी पोह्यांबरोबर येत राहिले. ऑफिसात डबा खाताना मी एखादा सांगते. सगळ्या पोट धरून हसतात आणि म्हणतात, "अजून एक सांग ना!" सांगते. पण खरं सांगू? मला तेव्हा हसू येत नव्हतं आणि आताही फारसं येत नाही.

आधी मुद्द्याचं. मी डायलिसिसची मशिनं दुरुस्त करते. इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री आहे, लायसन्स आहे, आणि नाशिकपासून पार घाटापलीकडच्या तालुक्यांपर्यंत माझा एरिया आहे. मशिन बंद पडलं की फोन येतो, आणि तिकडे कोणीतरी बाही वर करून वाट बघत बसलेलं असतं. माझ्याकडे होती एक बारा वर्षं जुनी हॅचबॅक. घाट आला की तिला धाप लागायची.

म्हणून मला गाडी पाहिजे होती फास्ट आणि प्रॅक्टिकल. फास्ट म्हणजे घाटात ट्रकच्या मागून एका दमात पुढे निघेल अशी. प्रॅक्टिकल म्हणजे मागची सीट पाडली की पंप, फिल्टर आणि टूलकिट आत मावतील अशी. पगार माझा, लोन माझं. पण पार्किंग बाबांच्या नावावर, आणि बाबांचा होकार अण्णाकाकांच्या होकाराशिवाय बाहेर पडत नाही.

इथून सुरू.

*

अण्णाकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. रिटायर्ड हेडमास्तर. नाशिक रोडला आमच्याच कॉलनीत राहतात. त्यांना गाडी चालवता येत नाही. बाबांनाही येत नाही, त्यांची सगळी नोकरी स्कूटरवर झाली. म्हणजे घरात गाडीचं लायसन्स असलेली मी एकटी. पण मतांची टाकी सगळ्यांची फुल!

"कशी गाडी पाहिजे म्हणतेस, प्रणाली?" काकांनी सभा सुरू केली.

"फास्ट आणि प्रॅक्टिकल."

"प्रॅक्टिकल ठीक आहे. फास्ट कशाला पाहिजे तुला? एवढ्या घाईने जायचंय कुठे?"

"पेशंट वाट बघत असतात, काका."

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. वर्गात गणित चुकलेल्या मुलीकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

"त्यासाठी अ‍ॅम्ब्युलन्स असते, बाळा. फास्ट तिने जावं. तू हळू जा!"

*

बाबांचा प्रश्न एकच. "अ‍ॅव्हरेज किती?"

एअरबॅग किती, विचारलं नाही. ब्रेक कसे, विचारलं नाही. कॉलनीत कुणाचीही गाडी पार्किंगला लागली की बाबा गॅलरीतून वाकून विचारायचे, "किती देते?" एकदा तर पाहुण्यांना घेऊन आलेल्या रिक्षावाल्यालाही विचारलं!

मी म्हटलं, "बाबा, माझी वाट घाटाची आहे. घाटात अ‍ॅव्हरेज पडणारच."

"चढताना पडेल. उतरताना इंजिन बंद करायचं, न्यूट्रल टाकायचा. हिशेब बरोबर!"

"इंजिन बंद केलं की ब्रेक दगडासारखा होतो, बाबा. स्टिअरिंग जड होतं. माणूस मरतो!"

बाबा शांतपणे म्हणाले, "मी बावीस वर्षं स्कूटर बंद करून उतार उतरलो. मेलो का?"

*

माझा मामा हरसूलकडच्या एका खेड्यात राहतो. त्याचा फोन आला, "कसली गाडी घेती गं?"

त्या दिवशी माझं डोकं फिरलेलं होतं. मी म्हटलं, "मामा, मला फक्त पिकअप पाहिजे. बाकी रंग, सीट कव्हर, काही नको. पिकअप पाहिजे!"

पुढच्या रविवारी खाली हॉर्न वाजला. गॅलरीतून बघते तर आमच्या पार्किंगमध्ये टोमॅटोचे कॅरेट वाहणारा सेकंडहँड पिकअप उभा! मागे ताडपत्री, दोरखंड, आणि फाळक्यावर चिकटलेलं टोमॅटोचं साल. मामा बाजूला अभिमानाने उभा.

"ये, बघ! लय जीव हाय गाडीत. साठ कॅरेट घेऊन घाट चढती. मालकाला म्हणलं, भाचीला दाखवून आणतो."

कॉलनी जमली. मी कपाळाला हात लावला. "मामा, पिकअप म्हणजे गाडीची उचल गं... म्हणजे रे! अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पटकन पळणं!"

"मंग सरळ पळणारी सांगायची ना! तूच म्हणली पिकअप पायजे, बाकी काय नाय."

बाबा जिन्यावरून उतरत विचारत होते, "अहो, पण हा टेम्पो चालवणार कोण?"

मामाला प्रश्नच कळला नाही. "कोण म्हंजे? जिला पायजे ती चालवंल!"

सात महिन्यांत आमच्या पार्किंगमध्ये एवढं सरळ वाक्य दुसऱ्या कुणाच्या तोंडून निघालं नाही. मामाला चहा दिला, टेम्पो परत गेला. वर आल्यावर अण्णाकाका हसत म्हणाले, "अडाणी आहे बिचारा."

*

शोरूमला मी एकटी जाणार होते. काका म्हणाले, "बाईमाणूस बघून फसवतात." मग काका आले, बाबा आले.

सेल्समन चुणचुणीत होता. मी टर्बोबद्दल विचारलं, त्याने उत्तर काकांना दिलं. मी मागच्या सीटबद्दल विचारलं, त्याने उत्तर बाबांना दिलं. मग चावी काढली आणि दोन्ही हातांनी, अदबीने, अण्णाकाकांसमोर धरली.

"सर, टेस्ट ड्राइव्ह!"

आणि काकांनी ती घेतली! बसले ड्रायव्हर सीटवर. सीट मागे घेतली, आरसा फिरवला, आरशात केस बघितले. सेल्समन माझ्यासाठी मागचं दार उघडून म्हणाला, "मॅडम, तुम्ही इथे बसा. मागे एसी खास लेडीजसाठी दिलाय."

मी बसले. मुद्दाम बसले. बघू तरी!

एक मिनिट गेलं. दोन गेली. सेल्समन म्हणाला, "सर, स्टार्ट करा ना."

काका म्हणाले, "नाही, मी फक्त सीट बघत होतो."

शेवटी चालवायला मीच बसले. मोकळा रस्ता मिळेल म्हणून निघाले आणि इंदिरानगरच्या बोगद्याशी वीस मिनिटं अडकले. पुढे सिमेंटचा मिक्सर, मागे स्कूलबस. मागच्या सीटवरून, लेडीज एसीच्या थंडगार झोतातून, काकांचा आवाज आला.

"पोचली का तुझी फास्ट?"

*

रंगाचा किस्सा छोटा आहे.

मला केशरी पाहिजे होती. बाबा म्हणाले, "पांढरी घे. विकताना बरी पडते."

"बाबा, मी अजून घेतलीसुद्धा नाही!"

"म्हणूनच सांगतोय. घेतल्यावर सांगून काय उपयोग?"

*

दुसऱ्या शोरूममध्ये मला पाहिजे तशी गाडी सापडली. अगदी तशी! पिकअप होता (टोमॅटोचा नव्हे), सीट पडत होती, पंप आरामात मावला असता. मी मनातल्या मनात ती घाटात चढवलीसुद्धा.

अण्णाकाका पुढे बसले, डोक्यावर हात नेऊन छत चाचपलं आणि मान हलवली. "नको. उंच माणसाचं डोकं लागेल."

मी पाच फूट एक. आई माझ्याहून कमी. बाबा आणि काका दोघंही शाळेत पहिल्या रांगेत उभे राहायचे, असं स्वतःच सांगतात.

"काका, आपल्यात उंच कोण आहे?"

काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "येईल ना."

बाबांनी माझ्याकडे न बघता मान डोलावली. ज्याचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, जो अजून कुणाच्या डोळ्यांसमोर आलेला नाही, त्याच्या डोक्यासाठी माझी गाडी नापास झाली. त्याची उंची मात्र यांना पाठ!

मी म्हटलं, "आला की सांगा. मी सनरूफ उघडून ठेवते."



*

यानंतरचा किस्सा डब्याच्या वेळी मी सांगत नाही. इथे सांगते.

पेठ रोडला सावळघाटात जुनी हॅचबॅक बसली. बॉनेटमधून वाफ. पलीकडच्या एका दवाखान्यातून सकाळपासून तीन फोन. मी टूलकिट घेऊन रस्त्याच्या कडेला उभी, आणि ट्रक मला बघून हॉर्न वाजवत चाललेले. शेवटी एका भाजीवाल्याने पोचवलं. तीन तास उशीर.

मशिनमध्ये फार काही नव्हतं. एक सेन्सर बदलला, चाळीस मिनिटांत सुरू. बाकावर एक बाई बसली होती, साठीची असेल. पाय सुजलेले, मांडीवर डब्याची पिशवी. चार तास मशिनवर झाले आणि ती उतरली तेव्हा तिच्या गावाची शेवटची एसटी निघून गेली होती.

मी म्हटलं, "मावशी, माझ्यामुळे झालं."

ती म्हणाली, "आलीस ना. आमाला वाटलं, आज नायच होत." आणि त्याच बाकावर पिशवी उशाला घेऊन आडवी झाली.

घरी येऊन मी हे सगळं सांगितलं. मला वाटलं, आता तरी समजेल.

बाबा म्हणाले, "म्हणूनच म्हणतो, एवढ्या लांब जायची नोकरीच सोड."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी एकटी शोरूमला गेले. तीच गाडी बुक केली, कमी उंचीची. केशरी. संध्याकाळी पावती बाबांसमोर ठेवली. त्यांनी ती उलटून पालटून बघितली. रंगाचं बोलले नाहीत, अ‍ॅव्हरेजचंही बोलले नाहीत. फक्त एवढंच विचारलं, "आता अण्णाला काय सांगू?"

*

गाडी आणायला अण्णाकाका आलेच. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून.

काकांबद्दल एक गोष्ट मान्य करायला हवी. आम्ही बौद्ध. कॉलनीतल्या विहारात दर रविवारी वंदनेनंतर काका अंधश्रद्धेवर बोलतात, आणि चांगलं बोलतात. मुहूर्त नाही, नारळ नाही, नजर नाही. त्यांनी आयुष्यात दाराला लिंबू-मिरची बांधू दिली नाही, स्वतःच्या नाही आणि शेजाऱ्याच्याही नाही. लहानपणी मी त्यांचं ऐकूनच वाद घालायला शिकले.

शोरूमवाल्यांनी रीतीप्रमाणे चारही चाकांखाली लिंबं ठेवली. काका कडाडले, "उचला! आम्ही असलं काही मानत नाही. हे यंत्र आहे. यंत्र विज्ञानाने चालतं, लिंबाने नाही!"

पोरांनी मुकाट्याने लिंबं उचलली. दोन-चार गिऱ्हाईकं माना वळवून बघायला लागली. मला खरंच अभिमान वाटला. सात महिन्यांत पहिल्यांदा!

सगळ्यांचा फोटो झाला. मी गाडीत बसले, बेल्ट लावला, स्टार्ट केली.

"थांब, थांब!" काका बाहेरून हात हलवत होते. मी ब्रेक दाबून धरला. आरशात बघितलं, तर काका वाकलेले. सदऱ्याच्या खिशातून काहीतरी काढून मागच्या चाकाखाली सरकवत होते.

काच खाली करून मी विचारलं, "काका, काय ठेवलंत?"

"काही नाही, लिंबू आहे."

"तुम्ही मानत नाही ना!"

"मी नाहीच मानत," काका गुडघ्यावरची धूळ झटकत म्हणाले, "पण तू चालवणार आहेस ना!"

*

आणि हा शेवटचा.

गाडी येऊन आठवडा झाला होता. दुपारी चारचा सुमार. मी टूलकिट काढायला खाली पार्किंगमध्ये गेले, तर गाडीच्या ड्रायव्हरच्या बाजूला, दाराशी, आईच्या चपला. जोडीने, नीट काढून ठेवलेल्या. देवळाबाहेर लोक काढतात तशा.

आई आत होती. ड्रायव्हर सीटवर. आईने एकतीस वर्षं बाबांच्या स्कूटरवर मागे बसून काढली आहेत, एका बाजूला पाय टाकून, मांडीवर भाजीची पिशवी घेऊन. या सात महिन्यांत गाडीबद्दल तिला कुणी काही विचारलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मीही नव्हतं विचारलं.

दोन्ही हात स्टिअरिंगवर. समोर फक्त पार्किंगची भिंत.

"आई?"

ती दचकली नाही. "ये, बस," म्हणाली.

मी बाजूच्या सीटवर बसले. घरातल्या खुंटीवरची चावी तिच्या मांडीवर होती.

"ही फास्ट म्हणजे किती फास्ट गं?"

"सावळघाट थर्ड गिअरमध्ये चढते. ट्रक मागे टाकते."

"हं." तिने स्टिअरिंगवरून अंगठा फिरवला. "आणि आत आवाज येतो का बाहेरचा?"

तेवढ्यात वरून, गॅलरीतून, बाबांची हाक आली, "अगं ए, कुठे गेलीस? चहाचं बघतेस ना?"

आई हलली नाही. मी म्हटलं, "काच खाली आहे म्हणून येतोय. वर केली की नाही येत."

"अजिबात नाही?"

"फारसा नाही."

बाबांनी पुन्हा हाक मारली. या वेळी मोठ्याने.

आईने मांडीवरची चावी उचलून माझ्या हातात दिली. भिंतीवरची नजर काढली नाही.

"मग कर वर," ती म्हणाली.